खालचं बटण

प्रिय शेंडेफळा,

खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तू माझं कधी पुरतं ऐकून घेतलंयस? हो ताई, बरं ताई करत पलीकडे पोरांच्या वह्या तपासत बसतोस, आणि माझा घसा कोरडा पडला की विचारतोस, मग बाकी काय विशेष. पत्राला नुसतं हो ताई म्हणून भागत नाही, ते वाचावंच लागतं. तेव्हा मुकाट्याने चहा घेऊन बस. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, तेवढं या वेळी करू नकोस. माझ्या क्रमाने येऊ दे.

आधी चांगली बातमी. तुझे दाजी, म्हणजे आमचे वेटरांचे कप्तान, पुन्हा हॉटेलात जायला लागले. काल तिथे मोठी मेजवानी होती, हॉल गच्च भरलेला, आणि संध्याकाळभर ते उभे होते. घरी आले, बूट काढले, पाय चोळत बसले आणि म्हणाले, तिसऱ्या रांगेत सूप जरा गारच गेलं. एवढं ऐकलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सूप गार गेलं म्हणून कुणी रडतं का? पण मधले कितीतरी महिने या माणसाला सूप गरम की गार, दिवस की रात्र, कशाचंच काही पडलेलं नव्हतं. तुम्हा सगळ्यांना आम्ही सांगितलं होतं की पाठ धरली आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. पाठ ठणठणीत होती. ते घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते, आणि त्या हॉलमध्ये पुन्हा कधी उभे राहतील याची आशा मी जवळजवळ सोडली होती. का, ते सांगते. पण त्यासाठी आधी वेस्टकोटाचं सांगावं लागेल. हसू नकोस, खरंच लागेल.

तुला माहीत आहे, आमच्या दुकानात अख्खा सूट एक माणूस शिवत नाही. कोट कोटवाले काका शिवतात, पँट पँटवाला शिवतो, आणि या दोघांच्या मधलं ते बिनबाह्यांचं, ज्याला कुणी जाकीट म्हणतं आणि गिऱ्हाईक ऐटीत असलं की वेस्टकोट म्हणतं, ते माझ्या टेबलावर येतं. आयुष्य गेलं माझं त्यात. मला हे काम शिकवलं थोरल्या बाईंनी. तू त्यांना एकदा पाहिलंयस, माझ्या लग्नात. टाचण्या तोंडात धरून बोलायच्या आणि तरी शब्द न शब्द कळायचा. काजं करता करता त्या आम्हाला या कपड्याचा इतिहास सांगायच्या, आणि तुझी शप्पथ, तुझ्या वर्गातल्यापेक्षा तो रंगायचा. तुझ्या इतिहासात राजे लढतात, तह करतात आणि मरतात, पण अंगात काय घालून मरतात ते तू कधी सांगत नाहीस. तर ऐक. थोरल्या बाई म्हणायच्या, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज राजाला वाटलं, दरबारातली उधळपट्टी फार झाली, आता साधं राहायचं. म्हणून त्याने इराणकडच्या अंगरख्यांच्या धर्तीवर कोटाच्या आत घालायचा एक कपडा काढला. चांगला गुडघ्यापर्यंत लांब होता तो, बाह्यासुद्धा असायच्या. आणि साधेपणासाठी निघालेला हा कपडा बघता बघता रेशमाचा झाला, त्यावर फुलं चढली, वेली चढल्या, जर चढली. भरतकाम करणारे लोक सपाट कापडावरच पुढच्या दोन पदरांचं भरतकाम करून विकायला ठेवायचे, गिऱ्हाइकाने ते न्यावं आणि आपल्या मापाने बेतून घ्यावं. पाठ मात्र साध्या कापडाची. वर कोट असायचा ना, मग पाठ बघतो कोण? समोरून सरदार आणि मागून उशीचा अभ्रा. थोरल्या बाई हे सांगताना स्वतःच एवढ्या हसायच्या की आम्हाला त्यांच्या तोंडातल्या टाचण्यांची भीती वाटायची.

मग तो कपडा आखडत गेला. आधी बाह्या गेल्या, मग लांबी. गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून कमरेवर. पुढे त्याला घड्याळाचा खिसा आला, मागे कंबर आवळायला पट्टा आणि बकल आलं. शौकीन लोक एकावर एक दोन-दोन घालायचे, आतल्याची नुसती कड दिसावी म्हणून. मग घड्याळ मनगटावर गेलं, थंडीला लोकरीचे स्वेटर आले, लढाईच्या काळात कापड मोजून मिळायला लागलं, आणि साहेब लोकांनी वेस्टकोट टाकला. पण साहेबांना वाढणाऱ्यांच्या अंगावर तो राहिला. शिवाय बँडवाले, बिलियर्ड खेळणारे आणि नवरदेव. आता सांग, ज्या कपड्याने राजाच्या अंगावर सुरुवात केली आणि जो वेटरच्या अंगावर टिकला, त्याचा धडा तुमच्या पुस्तकात का नाही?

माझी आणि कप्तानांची गाठसुद्धा त्यातूनच पडली, हे तुला आईने कधी सांगितलं नसेल. तेव्हा ते कप्तान नव्हते, नवे वेटर होते, आणि मी शिवलेला वेस्टकोट त्यांनी परत आणला. पाठीवर सुरकुती पडते म्हणाले. मी म्हटलं, पाठ अस्तराची असते, तिला कोण बघतंय. तर म्हणाले, बाई, मी वाढून वळलो की सगळा हॉल माझी पाठच बघतो. मला इतका राग आला की मी त्यांना पाठीलासुद्धा पुढचंच कापड लावून दिलं. पुन्हा आले. म्हटलं, आता काय? काही नाही म्हणाले, आता छान आहे, तेच सांगायला आलो. पुढचं तुला माहीत आहे.

आता त्या आजाराचं. गेल्या वर्षी कप्तानांच्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर चांगले होते, आडपडदा न ठेवता बोलले. गाठ काढता येईल, माणूस वाचेल, पण आतड्याचा शेवटचा भाग तिच्याबरोबर जाईल. मग पोटावर एक छोटंसं तोंड काढायचं आणि त्यावर पिशवी लावायची, कायमची. तू आणि मी ज्या कामाला सकाळी दार लावून बसतो ते त्या पिशवीत होणार. हे लिहायची मला लाज वाटत नाही. वाटायची, आता गेली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, अगदी या महिन्यातलीसुद्धा. तर सांगायचं म्हणजे, कप्तान वाचले. वाचले आणि घरात बसले.

आतल्या खोलीत, पडदा ओढून. अंगात माझ्याच हातचा एक ढगळ सदरा, ज्यात दुसरा एखादा कप्तान सहज मावला असता. पिशवीचं सगळं ते स्वतः करायचे, मला आत येऊ द्यायचे नाहीत, आणि खोली इतकी स्वच्छ ठेवायचे की हॉटेलवाल्यांनी येऊन शिकावं. पण बाहेर यायचं नाव नाही. माझ्याकडून शपथ घेतली की कुणाला सांगायचं नाही, आणि माझ्या भावाला तर मुळीच नाही. तू म्हणजे एकुलता एक मेहुणा, तुझ्यापुढे त्यांनी कायम रुबाब केलेला. त्यांच्या हाताखालचा लंबू, तोच तो, दारातून वाकून येणारा, फळं घेऊन आला. कप्तान म्हणाले, झोपलोय म्हणून सांग. तो जिन्यात फळांची पिशवी धरून कितीतरी वेळ उभा होता, मी वरून बघत होते. मग ती पायरीवर ठेवून गेला. मी रागावले, समजावलं, अबोला धरला, बोलले, पुन्हा रागावले. शेवटी हात टेकले. एकदा जेवताना, ताटाकडे बघत, ते आपणहून म्हणाले की तुला कळत नाही, बसलेल्या पाहुण्याचे डोळे उभ्या वेटरच्या पोटावर असतात. सगळ्या टेबलांवर, सगळ्या पाहुण्यांचे, संध्याकाळभर. मी हजार लोकांपुढे माझं हे पोट घेऊन कसा उभा राहू? आणि मला खरंच कळलं नव्हतं, शेंडेफळा. मी माणसांना उभं करून मापं घेते, मला त्यांची पोटं समोरूनच दिसतात, पण बसलेल्या माणसाच्या जागी मी कधी गेलेच नव्हते.

पण मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटावर काय असतं? वेस्टकोट. आणि तो कोण शिवतं? त्या दिवशी जेवण तसंच टाकून मी कापड काढलं असतं, पण दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी काळं, जाड, न चमकणारं कापड निवडलं. चमकणाऱ्या कापडावर फुगवटा लगेच दिसतो. बेतलं, आतून ताठपणासाठी बकरम लावलं, काजं हाताने केली. वेस्टकोट घरी आणला तेव्हा मी अशा ऐटीत होते की विचारू नकोस. कप्तानांनी घातला, आरशासमोर उभे राहिले, आणि मला माझी चूक दिसली. तुला माहीत नसेल, वेस्टकोटाचं खालचं बटण कुणी लावत नाही. ते लावायचं नसतंच. पुढचे दोन्ही पदर खाली एकमेकांपासून लांब वळवून बेतायचे, म्हणजे माणूस चालला, बसला, तरी कापड ओढलं जात नाही. कात्री तिथवर आली की आमचा हात आपसूक वळतो. इतकी वर्षं वळतोय, त्याला डोक्याला विचारावं लागत नाही. माझा तसाच वळला होता. सगळं पोट झाकलं आणि जिथे झाकायचं होतं तिथेच मी आपल्या हाताने फट ठेवली होती. तिथून सदरा बाहेर आलेला आणि सदऱ्याखालचा फुगवटा त्यांना दिसावा तसा दिसत होता. मी पुढे झाले आणि ते खालचं बटण ओढूनताणून लावलं. त्याने तर कहरच झाला. कापडाला अशी आडवी सुरकुती पडली की आंधळ्यालासुद्धा कळावं, पिशवी कुठे आहे ते. कप्तान शांतपणे म्हणाले, शिवण सुंदर आहे. मग तो काढला, मेजावर टेबलक्लॉथची घालतात तशी घडी घातली, माझ्या हातात दिला आणि आत गेले. दार लावल्याचा आवाजसुद्धा केला नाही. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवस मी स्वतःलाच शिव्या घालत होते. कोटवाले काका म्हणाले, अगं एवढं काय, सरळ कडेचा शीव. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, एका पोट सुटलेल्या गिऱ्हाइकासाठी म्हणून मी विचारलं होतं. पण मला थोरल्या बाई आठवत होत्या. सरळ कशाला, मी म्हटलं, लांबच करते. पार राजाच्या वेळचा, मांडीपर्यंतचा. त्यात काही दिसायची सोयच नव्हती. कुणा नाटकवाल्यांच्या कामातला एक तयार वेस्टकोट कपाटात पडून होता, मोहरीच्या रंगाचा, भरजरी. रंगाकडे बघू नका, मापाचा अंदाज घ्यायचाय, असं सांगून तो मी कप्तानांना चढवला. खिशांना ही एवढाली झाकणं, खाली घेर. बघ, माणूस बरा दिसतो की नाही हे कपडा घालणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. कप्तानांनी आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा काही म्हणजे काही हलला नाही. मग ते माझ्याकडे वळले, टाचा जुळवल्या, कमरेत वाकले, आणि एका हातावर नसलेला रुमाल आणि दुसऱ्या हातात नसलेलं मेनूकार्ड धरून मला विचारलं की राणीसाहेब आज काय घेणार. मी हसले, ते हसले. त्यांचं हसणं मी किती दिवसांनी ऐकत होते. आणि हसता हसता पोट हललं तसा त्या पिशवीतून आवाज आला. चांगला मोठा. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा दार लागणार. तर कप्तान त्याच अदबीने म्हणाले, माफ करा, आमच्या स्वयंपाकघरात जरा गडबड चालू आहे. बाबा रे, मी पलंगावर बसले ती पोट धरून. त्यानंतर किती वेळ हसत होतो आम्ही, शेजारच्यांनी भिंत ठोकली.

तिथून गाडी रुळावर आली. मी हॉस्पिटलात गेले आणि तिथल्या पिशवीवाल्या सिस्टरला भेटले. पिशवी कशी बदलायची, काय खायचं, हे रुग्णांना शिकवणारी एक वेगळीच सिस्टर असते, मोठी गोड बाई. तिने दोनच गोष्टी बजावल्या, कुठेही दाब पडता कामा नये, आणि माप घ्यायचं ते पिशवी भरलेली असताना घ्यायचं. मग मी नवा शिवला. बटणांच्या दोन रांगा, पदर एकमेकांवर चांगले चढलेले, खालची कड सरळ, लांबी नेहमीपेक्षा चार बोटं जास्त. पाठ त्याच कापडाची, कारण कप्तानांची पाठ, पुन्हा भांडण कोण काढणार. मागचा पट्टा आणि बकल काढून टाकलं. आणि आतून, अस्तरामध्ये, मऊ कापडाची एक झोळी केली, पिशवी जड झाली की तिचा भार उचलायला. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. हे मी सांगत नाही, सिस्टरने सांगितलं. तिने कप्तानांना पुढून, बाजूने, चालवून, बसवून पाहिलं आणि मला म्हणाली, आणखी किती जणांना शिवून द्याल? तेव्हापासून दर महिन्याला कुणी ना कुणी तिची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी येतं. येताना मान खाली असते. जाताना आरशापुढून हलत नाहीत, त्यांना हाकलावं लागतं.

तरी एक अडलंच. हॉटेलातले सगळे वेस्टकोट एकसारखे असतात, एका रांगेचे, आखूड. त्यात कप्तानांचाच दोन रांगांचा दिसला तर कुणीतरी विचारणारच, का हो. आणि हे का हो त्यांना नको होतं. तयार वेस्टकोट माझ्या दुकानात हँगरवर नुसता लटकत राहिला. एके दिवशी लंबू आला, कुणाची तरी फाटलेली शिवण घेऊन. त्याची नजर हँगरवर गेली. कुणाचा, म्हणाला. मी म्हटलं, कप्तानांचा. त्याने तो उतरवला, उलटसुलट पाहिला, हात आत घातला. झोळीपाशी त्याचा हात थांबला. मी उगाच खडू शोधायला लागले. त्याने हात काढला, वेस्टकोट होता तसा हँगरवर लावला, खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, झकास दिसतो. त्याच आठवड्यात हॉटेलातून दुकानाला काम आलं. सगळ्या वेटरांचे वेस्टकोट नवे करायचे आहेत, बटणांच्या दोन रांगा, खालची कड सरळ. मॅनेजरना म्हणे लंबूने पटवलं की जुनी फॅशन आता चालत नाही.

ते ऐकून मला थोरल्या बाईंचीच एक गोष्ट आठवली. खालचं बटण का लावत नाहीत याच्या चार कहाण्या आहेत. घोड्यावर बसायला सोपं जावं म्हणून, असंही म्हणतात. पण त्यांची आवडती अशी होती की एका राजाचं पोट इतकं सुटलं की ते बटण लागेना, तर दरबारातल्या सगळ्यांनी आपापलं बटण उघडं ठेवलं, म्हणजे राजाला अवघडल्यासारखं होऊ नये. खरं-खोटं देव जाणे. मला ती गोष्ट खुशामतीची वाटायची. आता वाटत नाही. त्या पोरांचे वेस्टकोट शिवताना मी एकेकाचं काज असं केलं जसं कुणी आपल्या मुलासाठी करेल. कप्तानांना हे कळलंय का? मी सांगितलं नाही, पण माणसांचे चेहरे ओळखणं हाच त्यांचा धंदा, त्यांना कळलं असणार. कामावर गेले त्या पहिल्या दिवशी सगळा हॉल तशाच वेस्टकोटांनी भरलेला पाहून ते दारात क्षणभर थांबले म्हणे, मग लंबूला म्हणाले, तुझा टाय वाकडा आहे. लंबूने हे मला चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा आपला टाय सरळ करून दाखवला.

तर ही अशी हकीकत आहे. ते रोज जातात. पिशवी दोनदा गळली, एकदा आवाज आला, आणि तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजींनी आपल्याच नवऱ्याकडे रागाने पाहिलं. आता हे ते स्वतः सांगतात, मला, हसत. खोलीचा पडदा उघडा असतो. रात्री घोरतात, आणि मी जागी राहून ते घोरणं ऐकते. पूर्वी मी कोपर मारायचे, आता मारत नाही.

आता तुझं. काल दुपारी माझ्या भावजयीचा, तुझ्या बायकोचा, फोन आला. तुला न सांगता केला, तिच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर चीड. तुझ्या आतड्यात गाठ निघालीय म्हणाली. तोच आजार. मग ती म्हणाली की वेळेत सापडलंय, काढता येण्यासारखं आहे, डॉक्टर भरवसा देतायत, आणि शेंडेफळा, तुला सांगते, मला इतकं हायसं वाटलं की मी फोनवर देवाचे आभार मानायला लागले आणि तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग तिने रडत रडत सांगितलं की पिशवी लावावी लागेल हे कळल्यापासून तू ऑपरेशनची तारीख घेत नाहीस. वर्गात आवाज आला तर काय, म्हणालास. त्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणालास. इतिहासाच्या तासाला निम्मा वर्ग झोपलेला असतो, त्यांना कसला आवाज ऐकू येतोय? मी शपथेने बांधलेली, तिला एक अक्षर सांगता येईना. रात्री मेजवानीहून आलेल्या कप्तानांना सकाळी सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि कागद-पेन माझ्यापुढे आणून ठेवलं. सगळं लिही म्हणाले, काही गाळू नकोस. एकच गोष्ट त्यांनी मला लिहू दिली नाही, ती म्हणजे पिशवी डावीकडे आहे की उजवीकडे. येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. ते तो वेस्टकोट घालून तुझ्यापुढे उभे राहणार आहेत, पाहिजे तितका वेळ, आणि तू बाजू ओळखायची आहेस. नाही ओळखता आली तर सोमवारी मुकाट्याने जाऊन तारीख घ्यायची. आणि ओळखलीस, तर ते बटणं काढून, सदरा वर करून तुला सगळं दाखवणार आहेत, कसं लावायचं, कसं काढायचं, कसं धुवायचं, जे त्यांनी आजवर मलासुद्धा नीट बघू दिलेलं नाही. मग तू मंगळवारी जाऊन तारीख घ्यायची.

तुझीच, आणि रविवारी टेप घेऊन येणारी,
ताई